मनोऱ्याची दक्षिण बाजू

४ मार्च

प्रिय मावशी,

पत्र्याने घात केला म्हणून पत्र लिहितेय. हसू नकोस, खरोखरच पत्र्याने केलाय.

रविवारी दुपारी जे वारं सुटलं, त्याने टेकडीखालच्या गोदामाच्या छपराचा एक अख्खा पत्रा उचलला आणि आपल्या मनोऱ्यावर आणून आपटला. मी नियंत्रण खोलीत डबा खात बसले होते. वर कुठेतरी मोठं भांडं पडल्यासारखा आवाज झाला आणि पाठोपाठ ट्रान्समीटरने मान टाकली. बाहेर येऊन बघते तर पत्रा मनोऱ्याला मिठी मारून फडफडतोय, आणि तू इतकी वर्षं जपलेल्या अँटेनाची पार रया गेलेली.

सोमवारी सकाळी वारं पडल्यावर वर चढले. अँटेनाच्या चार कड्यांपैकी दोन पिळवटल्यात, तिसरी केबलला लोंबकळत होती. पाठवलेली वीज अँटेना घेईना, ती उलटी ट्रान्समीटरकडे यायला लागली, म्हणून तो बंद पडला. शहाणा आहे बिचारा. तुटक्या कड्या वेगळ्या केल्या आणि उरलेल्या एकीवर, दहाव्या हिश्श्याच्या ताकदीने, प्रसारण पुन्हा सुरू केलं. टेकडीच्या पायथ्याशी छान ऐकू येतं. बाजारापर्यंत रडतखडत. त्यापुढे नुसती खरखर.

केंद्रप्रमुख साहेबांनी समितीला कळवलं. समिती म्हणते, वीस एप्रिलच्या बैठकीपर्यंत आवाज पूर्वीसारखा पोचला तर ठीक, नाहीतर प्रसारण बंद करून आपलं रेडिओ केंद्र फक्त इंटरनेटवर चालवायचं. साहेब मला म्हणाले, "जमेल का तुला? नाही जमणार तर आत्ताच सांग." मी म्हटलं, "साहेब, ज्या बाईने हा अँटेना इतकी वर्षं सांभाळला तिने मला पाना धरायला शिकवलंय. जमेल."

तेव्हा आता माझी लाज राख. नव्या अँटेनाची मागणी नोंदवलीय, महिनाभरात येईल. उतरवताना आणि चढवताना कशाकशाला जपायचं ते सगळं लिहून पाठव. तुझ्या खुर्चीवर मी आठ वर्षं बसतेय, पण अँटेना बदलायची पाळी पहिल्यांदाच आलीय.

काकांना नमस्कार. गुडघा कसा आहे?

तुझी,
खारूताई

११ मार्च

खारूताई,

गुडघा गुडघ्यासारखा आहे. त्याची चौकशी पुरे, कामाचं बोलू.

फोन करणार होते. पण फोनवर तू "हो, हो" म्हणतेस आणि अर्धं विसरतेस. कागदावरचं भिंतीला चिकटवता येतं. तेव्हा हे चिकटव.

पहिलं म्हणजे केबल. अँटेना नवा आणि केबल जुनी ठेवलीस तर नव्या नवरीला फाटकी चप्पल दिल्यासारखं होईल. जोड उघडून आत बोट फिरव. हिरवट पूड लागली तर पाणी शिरलंय असं समज आणि तेवढा तुकडा कापून टाक. बोल्ट सगळे नवे घे, जुने कितीही धडधाकट दिसोत. गुरुवारी दुपारी देखभालीसाठी प्रसारण बंद असतं तेव्हाच वर जा. वाऱ्याशी पैज लावायची नाही. खाली दोर धरायला आपला वायरमनच हवा, दुसरा कोणी नको. म्हातारा झालाय, पण त्याच्या हातातून दोर सुटलेला मी कधी पाहिला नाही. आणि वर असताना खाली कोण काय ओरडतंय ते ऐकायचं, स्वतःच्या मनात कोण ओरडतंय ते ऐकायचं नाही.

नवा अँटेना जुन्या जागीच बसव. त्याच बाजूला, त्याच उंचीवर. कपाटातले जुने कागद काढत बसू नकोस, त्यांना वाळवी लागली असेल आणि वेळ जाईल.

जमणार आहे तुला. साहेबांना सांग, खुर्ची कोणाला दिली हे मला ठाऊक होतं.

मावशी

१७ मार्च

प्रिय मावशी,

तुझं पत्र भिंतीवर चिकटवलंय. वायरमनने "हातातून दोर सुटलेला पाहिला नाही" हे वाक्य तीनदा वाचून घेतलं आणि दिवसभर ताठ मानेने फिरत होता.

केबलबद्दल तुझं शंभर टक्के खरं निघालं. वरच्या जोडात हिरवी पूडच नव्हे, एक कोळ्याचं कुटुंबही निघालं. तुकडा कापला.

पण कागद मी काढलेच. तू नको म्हणालीस म्हणून जास्तच काढावेसे वाटले, काय करू, तुझीच भाची. वाळवी बिळवी काही लागलेली नाही. उलट एक गंमत सापडली. परवान्यासोबतच्या नकाशात अँटेना मनोऱ्याच्या उत्तर बाजूला दाखवलाय. आपला आहे दक्षिणेला! म्हणजे इतकी वर्षं आपण उलट्या दिशेला बोलत होतो. बाजूला लावलेल्या अँटेनाच्या पाठीमागे मनोऱ्याचं लोखंड आडवं येतं, तिकडे आवाज निम्मासुद्धा पोचत नाही, हे तूच मला शिकवलंस. उत्तरेला तर अख्खी वसाहत आहे, चार हजार घरं. दक्षिणेला खोरं, सगळी मिळून दोनशे उंबरे असतील.

मला वाटतं, लावणाऱ्या माणसांनी घोळ घातला असणार आणि तुला मोडकं मूल दत्तक घ्यावं लागलं असणार. आता नवा बसवतोच आहोत तर कागदाप्रमाणे उत्तरेला बसवते. साहेब खूश झालेत. म्हणाले, "समितीपुढे सांगता येईल की नुसती दुरुस्ती नाही, सुधारणा केली."

तू खूश हो.

तुझी,
खारूताई

२२ मार्च

खारूताई,

थांब. उत्तर बाजूला काही लावू नकोस. त्या बाजूचं लोखंड पहिल्यापासून कच्चं आहे, गंजही तिकडूनच लागतो. वजन सोसणार नाही. जुन्या जागीच लाव.

साहेबांना काय सांगायचं ते मी सांगीन.

मावशी

२८ मार्च

मावशी,

काल चढून उत्तर बाजू तपासली. बांधकाम अभियंत्यालाही बोलावलं होतं, तो दोन तास हातोडीने ठोकून बघत होता. लोखंड ठणठणीत आहे. गंज असलाच तर दक्षिणेला आहे, आणि तोही नावापुरता.

पण मला दुसरंच काही दिसलं. उत्तरेच्या लोखंडी पट्ट्यांवर रंगाखाली क्लॅम्पचे व्रण आहेत. चार जोड्या, चार कड्यांच्या मापाच्या. म्हणजे अँटेना आधी उत्तरेलाच होता. कोणीतरी तो सोडवून दक्षिणेला नेला, आणि मग वर रंग चढला. लावणाऱ्यांनी घोळ घातलाच नव्हता.

खाली उतरून वायरमनला विचारलं, "हा अँटेना कोणी फिरवला?"

तो दोर गुंडाळत होता. मान वर न करता म्हणाला, "ताई, हे मला विचारू नका."

"का?"

"मी फक्त दोर धरला होता. मावशींना विचारा."

मग मी तक्रारींचं कपाट उघडलं. उत्तर वसाहतीतल्या एका घड्याळजीची सात पत्रं आहेत. सकाळी सातची वेळ ऐकू येत नाही, नुसती खरखर येते, घड्याळं लावायची कशी, असं सातही वेळा अगदी सभ्यपणे विचारलंय. प्रत्येक पत्रावर शेरा आहे, "श्रोत्याच्या संचात बिघाड." खाली तुझी सही.

नोंदवहीत खोटं लिहिलं तर हात झडतो, असं तू मला लहानपणी सांगायचीस. मी ते खरं मानायचे, तुझे हात शाबूत आहेत ना ते रोज बघायचे.

उत्तर बाजूचं काम मी थांबवलंय. साहेबांना अजून काही सांगितलेलं नाही. पण आता मला लोखंडाबद्दल काही सांगू नकोस. जे झालं ते सांग.

खारूताई

८ एप्रिल

बाळ,

दहा दिवस लागले. चार पत्रं लिहिली आणि फाडली. हे पाचवं फाडणार नाही.

अँटेना मी फिरवला. विचार करून, दिवसाउजेडी, एका गुरुवारी दुपारी. कोणाला विचारलं नाही. नोंदवहीत लिहिलं, "क्लॅम्प बदलले."

तुझी आई तेव्हा खोऱ्याच्या टोकाला, तुमच्या घरी, अंथरुणाला खिळलेली होती. तुझे बाबा धरणाच्या कामावर, सकाळी सहाला बाहेर. तू पाच वर्षांची. मला रोज येणं शक्य नव्हतं, एक बस जायची आणि तीच दुसऱ्या दिवशी परत यायची. तिच्या उशाशी एक रेडिओ होता. त्यात खरखर. मी रविवारी गेले की ती म्हणायची, "तू बोलतेस ते कळतं गं, तू काय बोलतेस ते कळत नाही."

माझ्या आवाजात दिवसाला एकच वाक्य जायचं. निवेदिका साडेसातला यायच्या, म्हणून प्रसारण सुरू करताना मीच सांगायचे, "सकाळचे सात वाजले आहेत." बस्स. पण तुझी आई, माझी अक्का, म्हणायची, एवढं नीट ऐकू आलं तरी माझा दिवस उजाडेल.

म्हणून फिरवला. चार हजार घरांकडे पाठ करून एका घराकडे तोंड केलं. त्या वेळी वसाहतीत चार हजार नव्हती, सातआठशे असतील. पण एकापुढे सातशे म्हणजे काय, हे मला तेव्हाही कळत होतं. मी काही भाबडी नव्हते.

पुढच्या रविवारी गेले तेव्हा तू धावत आलीस आणि म्हणालीस, "मावशी, तू आता रोज आमच्याकडे येतेस." ते मी जन्मात विसरणार नाही.

अक्का त्यानंतर चौदा महिने होती.

ती गेल्यावर अँटेना परत फिरवायला हवा होता. नाही फिरवला. तोवर खोऱ्यातली शाळा त्यावर धडे ऐकायला लागली होती, दवाखान्याची बाई धरणाचं पाणी सोडण्याची सूचना त्यावरच ऐकायची. ही कारणं खरी आहेत, पण ती मी नंतर जमवली. खरं सांगायचं तर एका गुरुवारी मी वर चढले, क्लॅम्पला पाना लावला आणि तासभर तशीच बसून खाली उतरले. वायरमनने दोर गुंडाळून ठेवला.

मग घड्याळजीची पत्रं यायला लागली. पहिल्यावर शेरा मारताना पेन दोनदा खाली ठेवलं. सातव्यावर एकदाही नाही. मला लाज वाटते ती त्या सातव्याची.

तुला सांगितलं नाही, कारण तुझ्या डोळ्यांत मी कधी खोटं लिहिणारी नव्हते आणि ते मला हवं होतं. लोखंड कच्चं असल्याचंही खोटंच सांगितलं. म्हातारपणी सवय सुटली असेल असं वाटलं होतं.

आता तू कागदाप्रमाणे कर. अँटेना उत्तरेला लाव. साहेबांना हे पत्र दाखव. माझी चूक आहे, ती माझ्या नावावर असू दे, तुझ्या खुर्चीवर नको.

मावशी

११ एप्रिल

मावशी,

पत्र मिळालं त्याच दिवशी उत्तर लिहितेय, म्हणजे तू आणखी दहा दिवस स्वतःला खात बसणार नाहीस.

राग आला. खूप आला. फिरवल्याचा कमी, त्या शेऱ्यांचा जास्त. त्या माणसाला सात वेळा सांगितलंस की बिघाड तुझ्याकडेच आहे. आणि मला तीस वर्षं सांगितलंस की लोखंड खोटं बोलत नाही, माणसंच बोलतात. ते मात्र बरोबरच सांगितलंस म्हणायचं.

दुसरं हे की मला ते आठवतं. रेडिओ उशाशी आणि आई माझ्या वेण्या घालता घालता मध्येच थांबायची. तुझं वाक्य संपलं की म्हणायची, "चला, मावशी उठली, आता आपणही उठू." ती उठू शकत नव्हती, तरी म्हणायची. मला वाटायचं, सगळ्यांच्याच मावश्या रेडिओत राहतात. त्या सकाळी कोणी कोणाकडून काढून घेतल्या होत्या, हे मला आत्ता कळतंय. त्या परत देता येणार नाहीत. आणि खरं सांगू, मला परत द्यायच्याही नाहीत.

तेव्हा आता रडणं पुरे, कामाचं बोलू. हे तुझंच वाक्य.

मी उत्तरेला लावणार नाही. दक्षिणेलाही नाही. कागदाप्रमाणे लावला तर खोऱ्यातली शाळा, दवाखाना आणि धरणाखालची घरं एका दिवसात गप्प होतील. त्या दवाखान्याच्या बाईने परवा फोन करून विचारलं, "आवाज कधी येणार? पाणी सोडतात तेव्हा आम्हाला आधी कळायला हवं." एका बाजूचा अन्याय काढून दुसऱ्या बाजूला ठेवायचा, तर मग तुझ्यात आणि माझ्यात फरक तो काय?

मी अँटेना मनोऱ्याच्या डोक्यावर बसवणार आहे. तिथे लोखंड कुठल्याच बाजूला आडवं येत नाही. तुझ्या काळात चार जड कड्यांचं वजन माथ्याला पेललं नसतं. आता हलक्या कड्या मिळतात. मी कंपनीला फोन करून मागणी बदलून घेतली, चारऐवजी दोन कड्या, आणि वर एक जाड नळी. अभियंत्याने आकडेमोड करून सही दिलीय. आभाळातली वीज अडवणारी सळई नळीच्या टोकाला जाईल. दोन कड्यांमुळे जोर थोडा कमी पडेल, काठावरची काही घरं सुटतील. पण कुणाकडे पाठ होणार नाही.

परवान्यात बदल करून घ्यायला साहेबांची सही हवी होती, म्हणून तुझं पत्र त्यांना दाखवलं. त्यांनी दोनदा वाचलं, चष्मा पुसला आणि विचारलं, "तुझी आई?"

"हो."

"सही कुठे करू?"

सामान चौदाला येतंय. सोळाला चढते. नकाशा सोबत जोडलाय. चूक दिसली तर फोन कर, माणूस पाठव, काहीही कर.

खारूताई

१४ एप्रिल

खारूताई,

नकाशा पाहिला. काकांनी भिंगही आणून दिलं, पण लागलं नाही. चूक नाही. नळीच्या बुडाला तीनऐवजी चार बोल्ट घे, एवढंच.

माथ्यावर न्यायचं मला त्या वेळी सुचलं नाही. मला दोनच बाजू दिसत होत्या.

सोबत एक कागद आहे. घड्याळजीसाठी आणि वसाहतीसाठी. नवा अँटेना सुरू झाला की सकाळी सातची वेळ सांगून झाल्यावर हा वाचायचा. एक शब्दही गाळायचा नाही. साहेब नको म्हणतील. त्यांना सांग, ही विनंती नाही.

चढताना कमरेचा पट्टा दोनदा तपास.

मावशी

२१ एप्रिल

प्रिय मावशी,

आता सविस्तर लिहिते. चहाचा मोठा पेला घेऊन बसलेय, हाताला फोड आलेत, अक्षर समजून घे.

सोळाला सकाळी सहाला वर गेले. हवा अशी शांत की मनोऱ्याच्या टोकावरून खालच्या बाजारातलं कुत्रं भुंकलेलं ऐकू येत होतं. जुना अँटेना आठच्या आत खाली उतरला. वायरमनने तो गवतावर असा अलगद ठेवला की जणू झोपलेलं मूल. नळी वर आली. आणि तिथे गाडं अडलं. नळीच्या बुडाच्या चार भोकांपैकी एक मनोऱ्याच्या भोकाशी जुळेना. केसाएवढा फरक. (तुझा तो चौथा बोल्ट! तीनच घेतले असते तर कळलंही नसतं.) पट्ट्यावर लटकून कानशीने तासभर घासलं. हाताचे फोड ते तिथले.

भोक जुळलं तेव्हा दहा वाजले होते आणि वारं उठलं. फार नाही, पण नळी हातात कण्हायला लागली. अजून दोन्ही कड्या चढवायच्या होत्या. खालून वायरमन ओरडला, "ताई, उतरा!"

मनात कोण ओरडत होतं तेही सांगते. ते म्हणत होतं, अर्धं झालंय, उरकून टाक, वीस तारीख डोक्यावर आहे, बंद मनोरा बघून लोक काय म्हणतील. तुझं पत्र भिंतीवर होतं, पण पाठ होतं. नळी चार बोल्टांनी आवळली आणि उतरले.

साहेब खाली उभे होते. "आज प्रसारण होणार नाही?"

"नाही."

"दिवसभर?"

"दिवसभर. तेहतीस वर्षांत पहिल्यांदा. उद्या माझ्यासकट मनोरा खाली आला तर कायमचंच होणार नाही."

आत जाऊन त्यांनी स्वतः फोन उचलायला सुरुवात केली. दिवसभर लोक विचारत होते आणि ते सांगत होते, "काम चालू आहे. नीट चालू आहे."

दुसऱ्या दिवशी पुन्हा सहाला. कड्या चढल्या, केबल जोडली, जोड तीनदा गुंडाळून बंद केला. अकरा वीसला ट्रान्समीटर चालू केला. काटा बघत होते. परत येणारी वीज जवळजवळ शून्य! मावशी, अँटेनाने सगळी वीज गटागटा पिऊन टाकली. वायरमनने टोपी काढून जमिनीवर आपटली. मी माइक उघडला आणि सांगितलं, "अकरा वाजून वीस मिनिटं झाली आहेत." दुसरं काही सुचलंच नाही.

मग साहेबांच्या गाडीतून रेडिओ घेऊन फिरलो. उत्तर वसाहतीत शेवटच्या गल्लीपर्यंत स्वच्छ. साहेब गाडी थांबवून नुसते ऐकत बसले. खोऱ्यात शाळा स्वच्छ, दवाखाना स्वच्छ, धरणाखालची घरं स्वच्छ. त्याच्या पुढच्या वळणानंतर आवाज बारीक होत जातो. टोकाच्या पाचसहा घरांत खरखर आहे. त्यातलं एक आपलं.

तिथे आता मधमाश्या पाळणारं एक जोडपं राहतं. मी रेडिओ आईच्या खोलीत नेला. ऐकू येतं, पण कान देऊन ऐकावं लागतं. खिडकीत ठेवला की बरं येतं. त्या बाईला म्हटलं, "तुमचा आवाज आमच्यामुळे कमी झाला." ती म्हणाली, "आमच्याकडे रेडिओच नाही. पण ही खोली छान आहे, इथे सकाळचं ऊन येतं." तेवढंच. मी तिथे थोडा वेळ बसले. वाईट वाटेल असं वाटलं होतं, तितकं नाही वाटलं. दवाखान्याच्या छतावर आवाज पुढे ढकलणारा एक छोटा जोड-प्रक्षेपक बसवला तर ती घरंही येतील. साहेबांनी तसा प्रस्ताव लिहिलाय.

काल बैठक झाली. समितीने प्रसारण चालू ठेवायचं ठरवलं. एक सदस्य म्हणाले, "आमच्या घरी पहिल्यांदाच इतकं नीट ऐकू आलं." ते वसाहतीत राहतात. मी जमिनीकडे बघितलं.

आणि तुझा कागद. साहेब नको म्हणाले, अगदी तुझ्या भाकिताप्रमाणे. "केंद्राची लाज जाईल." मी म्हटलं, "साहेब, ती कपाटात सात पत्रांखाली पडलीय. वाचला तर निदान बाहेर येईल." मग म्हणाले, "वाच. पण मी शेजारी बसणार."

आज सकाळी वाचला. सातची वेळ सांगितली आणि लगेच. अँटेना कोणी फिरवला, का फिरवला, तक्रारींवर काय लिहिलं. एक शब्दही गाळला नाही. "माझ्या बहिणीसाठी" हेही जसंच्या तसं वाचलं. तुझं नाव सांगायला तू लिहिलं होतंस, ते सांगितलं. साहेब शेजारी हाताची घडी घालून बसले होते. संपल्यावर त्यांनी गाणं लावायची खूण केली आणि पाणी प्यायले.

फोन आले. दोघांनी शिव्या दिल्या, त्या मी नोंदवहीत जशाच्या तशा लिहिल्या. घड्याळजीचा फोन आला नाही. त्याने फक्त तुझा पत्ता मागणारी चिठ्ठी पाठवली. मी दिला. योग्य केलं ना?

तुझी,
खारूताई

२४ एप्रिल

उत्तर वसाहत

श्रीमती मावशीबाई यांस,

केंद्रातल्या मुलीने आपल्याला मावशी म्हटलं, मीही तेच म्हणतो. वयाने मी मोठा असेन, पण ओळख तिच्यामार्फत आहे.

आपलं निवेदन ऐकलं. प्रत्येक शब्द ऐकू आला, हेही नवीनच. त्या वर्षांत मी तीन रेडिओ बदलले. जुने दोन माळ्यावर होते. निवेदन ऐकल्यावर खाली काढून लावून पाहिले. दोन्ही उत्तम चालतात. बायको म्हणाली, "बघा, मी तेव्हाच सांगत होते." तिने तसं कधीच सांगितलं नव्हतं. ती म्हणायची की माझेच कान बिघडलेत.

वेळ लावण्यासाठी मी रोज सकाळी चालत चौकातल्या मोठ्या घड्याळापर्यंत जात असे. जाऊन येऊन पाऊण तास. उन्हाळ्यात, थंडीत, ताप असताना. त्या काळात दुकान पाऊण तास उशिरा उघडत असे आणि गिऱ्हाइकं म्हणत, घड्याळजीलाच वेळेचं भान नाही. हे आपल्याला कळावं म्हणून लिहितो. बरं वाटावं म्हणून लिहीत नाही.

मी रागावलो. पहिला दिवस रागातच गेला. शेऱ्यांचा राग अजून आहे, तो जाईल असं वाटत नाही. बिघाड आमच्याकडेच असल्याचं सांगितलं नसतंत तर बाकी सगळं मी समजून घेतलं असतं. एका ओळीत लिहायचं होतंत की कारण आहे, सांगता येत नाही. मी थांबलो असतो. मी घड्याळं दुरुस्त करतो, थांबणं माझ्या सवयीचं आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला त्या मुलीने वेळ सांगितली. मी दुकानातल्या एकतीस घड्याळांचे काटे त्या एका वाक्यावर लावले. चौकात गेलो नाही. मग बराच वेळ काम न करता बसून राहिलो. त्या एका वाक्याने माणसाची सकाळ कशी बदलते, ते मला त्या दिवशी कळलं.

म्हणून एकच विचारायचं आहे. मध्ये डोंगर आहे, खोरं वळणावळणाचं आहे, अँटेना फिरवूनही आवाज तिथवर धड पोचला असेलच असं नाही. आपल्या बहिणीला नीट ऐकू येत होतं का?

उत्तराची वाट पाहतो.

आपला,
घड्याळजी